करंगळीचं काय करायचं?

तारांचा एक सेट घ्यायचा, पैसे द्यायचे आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, एवढाच बेत होता. पण दुकानदारानं "नवीन आलीय, बघा तरी" म्हणत भिंतीवरची गिटार उतरवून माझ्या मांडीवर ठेवली आणि सवयीनं माझी बोटं जी मेजर या कॉर्डवर जाऊन बसली. नुसती बसली. तारांना अजून उजवा हात लागलासुद्धा नव्हता.

"काय ओ, ही करंगळी अशी टांगून का ठेवलीय?"

मिरजेत गिटार विकत घेणं सोपं आहे, चारचौघांत ती धरणं अवघड. ज्या गावात पिढ्यान् पिढ्या भोपळे कोरून सतारी-तंबोरे होतात, जिथं अब्दुल करीम खाँसाहेब राहून गेले, तिथं स्टँडवर पेपर विकणाऱ्यालाही आपला कान तयार आहे असं वाटतं. बऱ्याचदा तो असतोही, हे आणखी वाईट.

प्रश्न विचारणारे काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. शाई उखडलेला तबला धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून मांडीवर घेतलेला. दुरुस्ती करणारा माणूस चहाला गेला होता आणि काकांना तोवर काही उद्योग नव्हता. माझ्या दुर्दैवाची एवढीच पार्श्वभूमी पुरे.

"तुम्ही गिटार वाजवता का काका?" मी विचारलं.

"छे! पण आमच्या जावयाचा भाऊ वाजवतो. तो करंगळी लावतो."

आता जी मेजर म्हणजे काय, तर सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, म्हणजे पडदा, पाचवीवर दुसरा, पहिलीवर तिसरा, मधल्या तीन तारा मोकळ्या. मी मधलं बोट सहावीवर, तर्जनी पाचवीवर आणि अनामिका पहिलीवर ठेवतो. जावयाचा भाऊ तेच पडदे अनामिका, मधलं बोट आणि करंगळीनं दाबत असणार. त्यात फायदा आहे, नाही असं नाही. तिथून सी कॉर्डला जाताना अनामिका आणि मधलं बोट एकेक तार खाली सरकतात, तर्जनी रिकामीच असते ती दुसरीवर पडते, काम झालं. पण मला बहुतेक वेळा ई मायनरला जायचं असतं, आणि तिथं माझी तर्जनी जागची हलत नाही. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तबला बाजूला ठेवला, उठले, आणि चिमटीत माझी करंगळी धरून पहिल्या तारेवर नेऊन दाबली. परक्या माणसाची करंगळी! शेजारी एक बाई मुलीसाठी हार्मोनियम बघत होत्या, त्यांनीही भाता थांबवला.

"हं. आता वाजवा."

वाजवलं. अर्थातच तोच आवाज आला. तारेला काय कळतंय, वर कुठलं बोट आहे ते!

"बघा! फरक पडला की नाही?" काका म्हणाले. हार्मोनियमवाल्या बाईंनी मान डोलावली.

१९२८ साली राहत्या गाडीला आग लागून जाझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं पुढं असं वाजवलं की जाझवाले अजून त्यातून सावरले नाहीत. हे मला तिथं आठवलं, पण बोललो नाही. काकांनी जँगोचीही करंगळी धरली असती.

पुढं मला गप्प बसता आलं असतं. पण अंगात कंड असला की काय करणार? मी म्हटलं, काका, अजून एक प्रकार आहे. चारही बोटं लावायची, दुसऱ्या तारेवरही तिसरा फ्रेट. आणि अमेरिकेतले ब्लूग्रासवाले, म्हणजे तिकडचं एक लोकसंगीत वाजवणारे, तर पाचवी तार दाबतच नाहीत, शेजारच्या बोटाच्या पोटानं ती मुकी करून टाकतात.

काकांनी डोळे मिटले. "जी म्हणजे आपली पांढरी पाच. तिला सा धरला तर तुमची पाचवी तार कोण?"

"बी. म्हणजे गंधार."

"आणि दुसरी मोकळी?"

"तीही गंधार."

"म्हणजे त्या लोकांनी दोन्ही गंधार काढून टाकले." डोळे उघडले. "शहाणे लोक आहेत! अहो, तंबोऱ्यात कुठं गंधाराची तार असते? पंचम, दोन जोड, एक खर्ज. पण खर्ज नीट लागला की गंधार आपोआप ऐकू येतो. तुम्ही तो बोटानं दाबून काढताय, आणि तोही हार्मोनियमसारखा चढा. त्यापायीच तर १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर पेटी बंद होती."

हार्मोनियमवाल्या बाईंनी पेटी हळूच पुढं सरकवली.

खरं सांगायचं तर हे ऐकायला मला आवडलं असतं. स्वयंभू गंधाराबद्दल मिरजेतल्या माणसाकडून ऐकायचं, ते दुसरीकडं कुठं मिळणार? पण पाच मिनिटांपूर्वी याच माणसानं करंगळी लावून तोच गंधार अधिक चांगला वाजवून घेतला होता. आणि हे नेहमीचंच आहे. माझ्या हातात काही दिसलं रे दिसलं की ते धरायची योग्य रीत सांगायला कुणीतरी उगवतं. पोरानं गिटार धरली की "वा, कला आहे हातात". पंचेचाळिशीतल्या माणसानं धरली की आधी "आता या वयात?" आणि लगेच "तसं नाही, असं". मी ऑफिसातून थकून आल्यावर, बायको-मुलांना त्रास नको म्हणून गॅलरीचं दार ओढून, तीन सूर जमवतो. ते जमतात. कुणी शाल-नारळ द्या म्हणत नाही मी, पण निदान बोटं तरी माझी मला ठेवू द्या! क्लासमधल्या मास्तरांनीही पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या तक्त्यावर छडी आपटून "हाच जी" म्हणून सांगितलं होतं. तक्त्यात करंगळी नव्हती. तेव्हा माझी होती, आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती.

एवढ्यात दुकानदाराला धंदा आठवला. त्यानं काउंटरखालून एक कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, काढला आणि तिसऱ्या फ्रेटवर चिमटवला. "साहेब, भांडणच नको. आता साधा ई लावा. जी येतोय."

लावला. खणखणीत जी आला. करंगळी मोकळी, वाद संपला, किंमत साडेचारशे.

"ही तर कॉपी करून पास झाल्यासारखी गत," काका म्हणाले आणि माझ्या हातातून गिटार घेऊन कॅपो नीट लावलाय का ते बघू लागले.