वाक्यात उपयोग करा : सॉरी फॉर एनी इनकन्व्हिनियन्स कॉज्ड

शाळेत ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न हमखास यायचा. हात झटकणे, तोंडाला पाने पुसणे, काखा वर करणे. या तिन्हींचं काम एका दमात करणारा इंग्रजी वाक्प्रचार मात्र अभ्यासक्रमात कधी आला नाही : ‘सॉरी फॉर एनी इनकन्व्हिनियन्स कॉज्ड’. तुम्ही बँकेत, विमान कंपनीत, विमा कंपनीत किंवा गिऱ्हाइकाशी लेखी संबंध येणाऱ्या कुठल्याही खात्यात नुकतेच चिकटला असाल, तर हे टिपून ठेवा. बढतीला उपयोगी पडेल.

सर्वांत आधी, ‘एनी’ गाळू नका. त्या जागी ‘द’ लिहिलंत की गैरसोय झाली हे कबूल केल्यासारखं होतं. ‘एनी’ म्हणजे आम्हाला तर कुठे दिसली नाही, पण तुम्ही एवढं म्हणताय तर झालीही असेल बुवा. हातखंडा असलेली मंडळी पुढे ‘मे हॅव’ही जोडतात, मग गैरसोय पार अफवेच्या पातळीवर उतरते.

‘कॉज्ड’च्या पुढे ‘बाय अस’ चुकूनही येऊ देऊ नका. ‘रामाकडून रावण मारला गेला’ या वाक्यात रामाला निदान बसायला जागा तरी होती. तुमच्या वाक्यात राम नकोच. गैरसोय आपली आपण घडली, वळवाच्या पावसासारखी. यात थोरामोठ्यांचा कित्ता गिरवता येतो. इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगाशी आलं तेव्हा जानेवारी 1987च्या वार्षिक भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’ असं सांगितलं. चुका झाल्या. कोणी केल्या? झाल्या हो! विल्यम श्नायडर या राजकीय विश्लेषकाने अशा वाक्यरचनेला ‘पास्ट एक्झॉनरेटिव्ह’ असं नाव दिलं. आपल्याकडे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती भूतकाळ होतेच, त्यात हा निर्दोष भूतकाळही घाला.

मेल ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरूनच पाठवा.

शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी.

आता मुख्य शब्द, ‘इनकन्व्हिनियन्स’. हा सगळ्यांना बसतो. अर्जाचा रकाना अपुरा पडला तरी हाच आणि माणूस रस्त्यावर आला तरी हाच. मोठ्या नुकसानाला मोठा शब्द वापरणं हे कच्च्या उमेदवाराचं लक्षण. एप्रिल 2017मध्ये युनायटेड एअरलाइन्सला शिकागोच्या विमानातून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चार प्रवासी उतरवायचे होते. त्यातल्या एकाला तिकीट काढून बसलेल्या जागेवरून फरफटत बाहेर नेलं, तोंडाला रक्त आलं, व्हिडिओ जगभर फिरला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली ती कशाबद्दल, तर या प्रवाशांना ‘री-अकॉमोडेट’ करावं, म्हणजे त्यांची दुसरीकडे सोय करावी लागल्याबद्दल. याला म्हणतात भाषेवर प्रभुत्व.

माझंच उदाहरण घ्या. परवा वडिलांना रुग्णालयातून घरी सोडणार होते. बिलाच्या खिडकीवर कार्ड दिलं, डिक्लाइन्ड. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. खात्यात पैसे होते. बँकेने त्या दिवशी सकाळी ‘नियमित पडताळणी’ म्हणून खातं गोठवून ठेवलं होतं. आधी मेसेज नाही, फोन नाही. मागे रांग, खिडकीतली मुलगी नजर चुकवतेय, वडील व्हीलचेअरवर, हातावर सलाइनची पट्टी तशीच, आणि ते हळूच विचारताहेत, “पैसे कमी पडतायत का रे?” हेल्पलाइन लावली. एक दाबा, चार दाबा, जन्मतारीख सांगा, आईचं माहेरचं आडनाव सांगा, शेवटचे तीन व्यवहार सांगा. एवढी उलटतपासणी झाल्यावर पलीकडून उत्तर, “सर, माझ्या स्क्रीनवर तर अकाउंट अ‍ॅक्टिव्ह दिसतंय.” मग काय मी हौस म्हणून खिडकीपाशी उभा आहे? वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं तर वरिष्ठ मीटिंगमध्ये. फोन कट. पुन्हा एक दाबा, चार दाबा, पुन्हा आईचं आडनाव. ते काही मधल्या वेळात बदललेलं नव्हतं! शेवटी मावसभावाने पैसे भरले आणि आम्ही घरी आलो. रात्री बँकेचा मेल. वुई आर सॉरी फॉर एनी इनकन्व्हिनियन्स दिस मे हॅव कॉज्ड. मे हॅव! तासभर माझा बाप तिथे ओशाळून बसला होता, आणि यांना अजून शंका आहे, गैरसोय झाली की नाही याची!

असो. शिकवणी पुढे चालू.

‘युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस’ या वाक्याशी गल्लत करू नका, ते संगीताबरोबर वाढायचं असतं.

जपानी लोकांच्या नादी लागू नका. 14 नोव्हेंबर 2017 रोजी त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी 9 वाजून 44 मिनिटं 40 सेकंदांनी सुटायची ती 44 मिनिटं 20 सेकंदांनीच सुटली. एकाही प्रवाशाची तक्रार नव्हती. तरी कंपनीने जाहीर माफी मागितली, आणि कर्मचाऱ्यांनी सुटण्याची वेळ नीट तपासली नाही हेही लिहून टाकलं. वीस सेकंदांसाठी! अशाने दुकान चालतं का?

आणि कोणी फारच खोदून विचारलं, तर कायदा विभागाकडे बोट दाखवा. स्पष्ट माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, कोर्टात अंगाशी येतं, वगैरे. बिनधास्त सांगा, सहसा कोणी पडताळून पाहत नाही. पाहिलं तर मात्र पंचाईत. ब्रिटनच्या 2006च्या कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टचं दुसरं कलम म्हणतं की माफी मागणं किंवा भरपाई देऊ करणं एवढ्यानेच निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने तर त्याच वर्षी माफीसाठी वेगळा कायदाच केला. ‘मागायची फार इच्छा होती हो, पण वकील मागू देत नाहीत’ हे रडगाणं निदान तिथे तरी चालायला नको. तरी तिथलीही मेलं वाचून पाहा. तेच ‘एनी’, तेच ‘मे हॅव’.

म्हणजे अडचण कायद्याची नाहीच. तुम्हाला लाज वाटत नाही, ही अडचण आहे.

आता उपरोध पुरे. बँकेच्या त्या मेलखाली ‘टीम कस्टमर डिलाइट’ अशी सही होती. अहो टीम, एक साधं पत्र लिहायला काय जातं तुमचं? आम्ही तुमचं खातं न सांगता गोठवलं. ही आमची चूक. अमुक विभागाने केली. आता खातं सुरू आहे. भुर्दंड पडला असेल तर तो आमच्याकडून वसूल करा. पुन्हा असं घडलं तर या माणसाला या नंबरवर फोन करा, तो उचलेल. एवढ्या पाच-सहा ओळी सातवीतलं पोरही लिहील. तुम्हाला जमत नाहीत, कारण त्या लिहिल्या तर त्याप्रमाणे वागावं लागेल. त्यापेक्षा तयार मजकूर चिकटवणं सोपं. चिकटवता तोही न वाचता, माझ्या मेलात तर ‘डिअर’पुढे नावाच्या जागी नुसता रिकामा कंस होता.

आणि नाव माहीत नव्हतं म्हणू नका. हप्ता दोन दिवस उशिरा गेला की जी नोटीस पाठवता, तिच्यावर माझं, वडिलांचं आणि आजोबांचंही नाव एकही चूक न करता छापलेलं असतं.