संशय घेऊनच जा

बौद्ध गुरूंसोबत हिमालयात फिरताना एका संशयी लेखकाला जाग आली, अशी गोष्ट वाचून बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या कुणाला वाटेल, यासाठी हिमालयच गाठायला हवा. तसं नाही. कर्नाटकातल्याच मुंडगोडची तिबेटी वसाहत १९६६ पासून आहे, गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ तिथंच. हुबळीला उतरून पुढची बस धरायची. परदेशी पाहुणा सोबत असेल तर त्याचा वसाहतीत जायचा परवाना आधीच काढावा लागतो. संशय सोडू नका. परंपरा आहे किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, हे कालाम सुत्त, म्हणजे बुद्धाचं प्रवचनच सांगतं.

ध्यानाला बसायचं मात्र घरीच सुरू करा. रोज वीस मिनिटं, बुडाखाली चादरीची चार इंच जाड घडी. गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत, नाहीतर पाठ वाकते आणि पायाला मुंग्या येतात. लक्ष नाकपुड्यांशी, श्वासावर. बहुतेकजण श्वास मुद्दाम लांबवतात, मग डोकं जड होतं. तो येतो तसा येऊ द्या, नुसता बघा. मन पळालं तर न चिडता परत आणा. जेवून लगेच बसलात तर डुलकी ठरलेली. आणि कळकळीनं सांगतो, मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या मौन ध्यान-शिबिराला जाऊ नका.