निम्म्या किमतीचा ढीग

"सवलतीच्या पुस्तकांच्या ढिगात काय असतं? उरलंसुरलं!" असं म्हणणारे मित्र मला नेहमी भेटतात. बहुतेक मुंबई-पुण्याचे असतात. आमच्या रत्नागिरीत १८२८ सालापासून वाचनालय आहे, म्हणजे वाचणाऱ्यांची वानवा इथे कधीच नव्हती. पण हवं ते पुस्तक विकत मिळायची सोय बेताचीच. त्यामुळे एखाद्या हॉलवर 'कोणतंही पुस्तक निम्म्या किमतीत' असा बॅनर लागला की ऑफिस सुटल्यावर पाय आपोआप तिकडे वळतात.

खरं सुख भावात आहे, हे मी बिनदिक्कत मान्य करतो. पाचशेचं पुस्तक घेण्याआधी मी चार जणांना विचारतो, परीक्षणं धुंडाळतो आणि शेवटी सगळे घेतात तेच घेतो. पन्नासच्या ढिगात कोणाला विचारायचं नसतं. नाव कधी ऐकलेलं नाही, मुखपृष्ठ फाटलंय, पण मधलं एक पान उभ्या उभ्या वाचलं आणि बरं वाटलं, की पिशवीत. माझी निम्मी आवड अशी बिनशिफारशीची घडलीय.

एकदा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची आंबा लागवडीवरची जुनी पुस्तिका सापडली. पिना गंजलेल्या, त्यांचे तांबूस डाग पानभर. समासात कोणीतरी पेन्सिलने कलमांचा हिशोब मांडलेला: किती लावली, किती जगली, आणि एका ओळीपुढे फक्त 'वांदर'! माझी बाग नाही, लावायचा विचारही नाही. तरी ती पुस्तिका मी कोणाला देणार नाही.

आता ढिगात सगळंच सोनं नसतं. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापू शकतं. स्वस्तात घरोघर पोचली, उत्तमच. पण माझ्या हाती आलेल्या एका प्रतीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता आणि दोन ठिकाणी वाक्यं अर्धीच तुटलेली. मुलांसाठी घेणार असाल तर आधी चार पानं वाचून बघा. आणि गाजलेल्या अनुवादांच्या अंधूक, तिरक्या छापलेल्या चोरट्या प्रती असतात, त्यांना मी हात लावत नाही. प्रकाशकाने गोदाम रिकामं करायला काढलेला माल वेगळा आणि लेखकाच्या ताटातला घास पळवणं वेगळं.

मे महिना सर्वांत चांगला. विक्रेत्यालाही घाई असते. "घेऊन टाका हो, पावसात बुरशी धरण्यापेक्षा तुमच्याकडे राहील," म्हणून तो स्वतःच भाव खाली आणतो. बुरशी आपल्याकडेही धरतेच म्हणा. घरी आणल्यावर पुस्तकं दोन दिवस उन्हात, मग कपाटात डांबरगोळ्या, आणि भिंतीपासून चार बोटं जागा सोडून. एवढं केलं तरी कसर लागायची ती लागतेच.

यंदाची कमाई म्हणजे श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चा दुसरा खंड. १९८७ ची कादंबरी, जगबुडी नदीच्या काठची, आपल्या खेडकडची. पहिला खंड सगळा ढीग उपसूनही मिळाला नाही. कोणाकडे जास्तीची प्रत असेल तर मेसेज करा, खेड-चिपळूणपर्यंत येऊन घेऊन जाईन. बदल्यात काय हवं ते सांगा, फक्त आंब्याची पुस्तिका मागू नका.