वजाबाकी, सहकुटुंब सहपरिवार

अपूर्णांकांची बेरीज हा तसा सज्जन प्रकार. छेद वेगळे असले तरी लसावि काढा, समच्छेद करा, अंश मिळवा आणि चहा प्या. मध्ये वजाचं चिन्ह आलं की मात्र घरात कुणाचं तरी डोकं फिरतं. आमच्याकडे ते माझं, कारण पुतण्याच्या गणिताचं खातं माझ्याकडे आहे. (मराठीचं खातं वहिनीकडे. ती सुखी आहे.)

परवाचं उदाहरण: ५/(क्ष−३) मधून (क्ष+२)/(क्ष²−९) वजा करा.

चिरंजीवांनी सुरुवातीलाच दुसऱ्या अपूर्णांकातला वरचा क्ष खालच्या क्षने कापला. अरे, ही काटाकाट गुणाकारात चालते, मध्ये अधिक-वजा असताना नाही! "पण दोन्हीकडे क्ष आहे ना?" वकील होणार हा.

मग दोन्ही छेदांचा सरसकट गुणाकार. ही चूक नाही, पण वर ४क्ष²+क्ष−३९ येतं आणि त्याचे अवयव पाडेपर्यंत पानं वाढायची वेळ होते. खरं तर क्ष²−९ म्हणजे (क्ष−३)(क्ष+३). लसावि आयता समोर बसलेला. पहिल्या अपूर्णांकाला वर-खाली क्ष+३ ने गुणलं की झालं. हे त्याला पटलं, मलाही हायसं वाटलं, आणि त्याने अंशात लिहिलं: ५क्ष+१५−क्ष+२.

त्या 'अधिक दोन'कडे मी नुसता बघत राहिलो. वजाचं आमंत्रण सहकुटुंब सहपरिवार असतं. एकट्या क्षला पाठवून दोनाला घरी ठेवता येत नाही. ५क्ष+१५−(क्ष+२) असं लिहायचं, कंस सोडवताना दोनाचंही चिन्ह बदलायचं, की उत्तर येतं ४क्ष+१३. त्याचं आलं होतं ४क्ष+१७. खाली छेद तोच, (क्ष−३)(क्ष+३).

"पण पुस्तकात कंस कुठाय?"

मुद्दा बिनतोड होता. अपूर्णांकाची आडवी रेघच कंसाचं काम करते, म्हणून तो छापत नाहीत. सगळं एका छेदावर मांडताना रेघेची ती सोय जाते आणि कंस आपला आपण घालावा लागतो. हे कुणी ठळक अक्षरांत का छापत नाही, देव जाणे. बाराव्या शतकात भास्कराचार्य ऋण राशीच्या डोक्यावर नुसतं टिंब देत. पोथीवर माशी बसून गेली तर शिष्यांचं काय होत असेल, या विचाराने मला जरा बरं वाटलं.

शेवटी पडताळ्यावर आलो. म्हटलं, क्षला कुठलीही किंमत दे. जगात एवढ्या संख्या असताना त्याने नेमकी तीन दिली. छेद शून्य. मग चार घ्यायला लावली. मूळ उदाहरणात ५ वजा ६/७, म्हणजे २९/७. माझ्या उत्तरातून २९/७, त्याच्या उत्तरातून ३३/७.

तो वहीकडे बघत राहिला. मग वैतागून म्हणाला, "काका, क्ष चारच होता, तर मघाशीच का नाही सांगितलंस?"