वर्षावन आणि चमकणारी खाडी एकाच दिवसात? आधी तिथी पाहा

नाताळच्या सुट्टीत पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर निघालेल्या अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : दुपारी एल युंकेचे वर्षावन आणि रात्री फहार्दो गावाची चमकणारी खाडी दाखवणारी, राजधानी सान हुआनहून निघणारी एकत्रित सहल घ्यावी का? माझ्या मते, हाताशी गाडी नसेल, मोकळा दिवस एकच असेल आणि त्या रात्री खाडीवर अंधार मिळणार असेल, तर जरूर घ्यावी. एरवी दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या दिवशी पाहावीत.

यातली अंधाराची अट सर्वांत महत्त्वाची आहे. फहार्दोच्या लागुना ग्रान्देमध्ये, म्हणजे याच चमकणाऱ्या खाडीत, डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव दाटीने राहतात. खारफुटीच्या कुजणाऱ्या पानांतून त्यांना पोषण मिळते आणि अरुंद तोंडामुळे ते समुद्रात सहज वाहून जात नाहीत. पाणी हलले की हे जीव क्षणभर निळसर उजळतात. वल्हे पाण्यात शिरते तिथे उजेडाचा भोवरा उठतो, आणि ओंजळीतले पाणी निथळताना मनगटावरून ठिणग्या ओघळतात. हा प्रकाश मुळातच मंद असल्याने पौर्णिमेच्या चांदण्यात तो जवळजवळ दिसेनासा होतो, आणि तरीही काही आयोजक त्या दिवसांतही फेऱ्या चालू ठेवतात. आपल्याकडे संकष्टीचा उपवास करणाऱ्या घरांत हे गणित सगळ्यांना ठाऊक असते : चतुर्थीला चंद्र रात्री नऊच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर करतो. सान हुआन जवळजवळ पुण्याच्याच अक्षांशावर असल्याने हा अंदाज तिथेही चालतो. म्हणून संकष्टीनंतरच्या रात्रींपासून अमावास्येनंतरच्या दोन-तीन रात्रींपर्यंतचा काळ निवडावा, आणि विमानाची तिकिटेही त्यानुसारच काढावीत.

एकत्रित सहलीत खरा अन्याय होतो तो जंगलावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधले हे एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने त्याची पाने अक्षरशः ओरबाडून नेली होती, आणि ते पुन्हा कसे उभे राहिले हे पाहायला निवांतपणा हवा. सहलीची गाडी १९१ क्रमांकाच्या रस्त्यावर ला कोका धबधब्यापाशी आणि योकाहू या निरीक्षण मनोऱ्यापाशी थांबते, फार तर नदीत एक डुबकी होते, आणि मग लुकियो या किनाऱ्यावरच्या गावातल्या टपऱ्यांवर जेवण उरकून खाडी गाठायची घाई सुरू होते. माउंट ब्रिटन या शिखराची चढण, जिथे ताडांची दाटी संपून ढगांत भिजलेली खुजी झाडे लागतात, ती या वेळापत्रकात बहुधा बसत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. दिवसभर उन्हासाठी आणि डासांसाठी अंगाला लावलेली मलमे घेऊनच माणसे रात्री खाडीवर पोहोचतात, आणि ही रसायने त्या जीवांना घातक असतात. लागुना ग्रान्देमध्ये पोहायला बंदी आहे, पण हात तर सगळेच बुडवतात. निदान अंग धुऊन जावे.

ज्यांना जमेल त्यांनी गाडी भाड्याने घेऊन लुकियो किंवा फहार्दोला एक रात्र मुक्काम करावा आणि जंगलात दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शिरावे. सोबत वयस्कर आई-वडील असतील, तर एकत्रित सहलीत बहुधा कयाकच (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) असते आणि खारफुटीच्या काळोख्या वाटेतून परत वल्हवत येणे त्यांना जड जाते, हे लक्षात घ्यावे. फहार्दोत विजेवर चालणाऱ्या बोटींच्या स्वतंत्र फेऱ्या मिळतात, त्यांच्यासाठी ती बोट घ्यावी.