स्लाइडिंग सॉ म्हणे ‘स्वतःकडे ओढून’ कापा!

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, ‘३५ वर्षं काम केलेल्या मिस्त्रीच्या पाच टिप्स, कंपनीवाले कधीच सांगणार नाहीत’. विषय स्लाइडिंग माइटर सॉ, म्हणजे रॉडवर पुढेमागे सरकणारं ते कटिंग मशीन, घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये कुणाचं फर्निचर चालू असलं की बाल्कनीत दिसतं ते. टिप्स अशा: गार्ड (ब्लेड झाकणारं सरकतं कव्हर) वर बांधून ठेवा, हातमोजे घाला, ब्लेड स्वतःकडे ओढत कापा, छोटा तुकडा हाताने घट्ट धरा, आणि लोखंड कापायची चकती लावली की याच मशीनवर पाइपही कापा. खाली जोडलेले हात आणि ‘सर्व कारागीर बांधवांना पाठवा’. एरवी असलं काही मी वाचून सोडून देतो, पण हा पाठवला आमच्या भाच्याने, ज्याने नुकताच कळव्याला गाळा घेऊन फर्निचरचं काम सुरू केलंय, आणि वर लिहितोय, ‘मामा, तिसरी टिप ट्राय केली, एकदम मस्त कट येतो’. ट्राय केली!

तर तिसरीच आधी घेऊ.

प्लग काढ. परत सांगतो, आधी प्लग काढ. आता ब्लेडवरच्या कव्हरवर बाण छापलेला असतो तो बघ आणि त्या दिशेने ब्लेड हाताने हळू फिरव (इथे हातमोजे घाल, बिनधास्त). तुझ्या बाजूचे दाते वरून खाली येतात, खालून फेन्सकडे (लाकूड टेकवायची मागची उभी पट्टी) जातात आणि मागच्या बाजूने वर चढतात. असं फिरणारं ब्लेड लाकडात घालून स्वतःकडे ओढलंस तर ते काय करणार? स्कूटरचं मागचं चाक करतं तेच, रस्त्याला मागे रेटायचं आणि आपण पुढे पळायचं. इथे रस्ता म्हणजे तुझा प्लाय आणि पुढे म्हणजे तुझं पोट. १० इंची ब्लेड ४८०० आरपीएमने फिरत असेल तर दात्याचा वेग ताशी जवळपास २३० किलोमीटर होतो, रॉड बेअरिंगवर लोण्यासारखे सरकतात, आणि अडवायला काय, तर तुझं एक मनगट. दहा कट नीट जातात, अकराव्याला गाठ लागते किंवा पट्टी जरा हलते आणि ब्लेड लाकडावर चढून अख्खं डोकं, म्हणजे मोटर-ब्लेडचा तो सरकणारा भाग, अंगावर येतं.

बरोबर पद्धत उलटी आहे. मोटर बंद असताना डोकं स्वतःकडे ओढून घ्यायचं, ब्लेड लाकडाच्या वर, काहीही न कापता. मग ट्रिगर दाबायचा, ब्लेड पूर्ण वेगात येऊ द्यायचं, खाली दाबायचं आणि फेन्सकडे ढकलत न्यायचं. ढकलताना ब्लेड तुझ्या जोराला विरोध करतं म्हणून किती वेगाने जायचं ते तू ठरवतोस, ओढताना ते ब्लेड ठरवतं, एवढाच फरक आहे आणि तो पुरेसा आहे. कट संपला की ट्रिगर सोड, डोकं खालीच धरून ठेव, ब्लेड थांबलं की मगच वर घे आणि तुकडा उचल.

हे मी मनाने सांगत नाहीये. आयईसी ६२८४१-३-९ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, २०१४ साली पहिल्यांदा आलेलं, खास अशा उचलून नेता येणाऱ्या माइटर सॉसाठी, आणि मॅन्युअलमध्ये कुठल्या सूचना छापायच्याच हे त्यात ठरवून दिलंय. त्यामुळे बॉश घे, मकिता घे, डीवॉल्ट घे, स्लाइडिंग मॉडेलच्या अलीकडच्या मॅन्युअलमध्ये जवळपास तोच परिच्छेद सापडेल: ढकलून कापा, ओढून कापू नका, ओढलं तर ब्लेड लाकडावर चढून वापरणाऱ्याकडे जोरात फेकलं जाऊ शकतं. ‘कंपनीवाले सांगणार नाहीत’ म्हणे. अरे छापून देतात, आपण ते खोक्यासकट रद्दीत घालतो.

आता यात थोडं खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. रेडियल आर्म सॉ नावाचं जुनं मशीन होतं, त्यावर ओढूनच कापायची पद्धत, कदाचित त्या ३५ वर्षंवाल्यांचा हात तिथे बसलेला असेल. आणि ओढताना दाते वरून खाली सनमायकात घुसतात म्हणून वरची कड कमी फुटते, हेही खरं. भाच्याचा ‘मस्त कट’ तो तोच. पण त्यासाठी जास्त दात्यांचं ब्लेड लाव, रेषेवर मास्किंग टेप चिकटव, खाली आणि मागे टाकाऊ प्लायचा तुकडा ठेव. ब्लेड घेताना हुक अँगल (दाते पुढे झुकलेले असतात तो कोन) निगेटिव्ह किंवा अगदी कमी असलेलं माग, स्लाइडिंगला तेच लागतं.

गार्डचं काय, तर म्हणे रेषा दिसत नाही. भुसा साचला की नाहीच दिसणार, प्लग काढून ब्रशने पूस की. केबल टायने वर बांधलास तर कट झाल्यावर डोकं वर येतं आणि ब्लेड उघडंच गरगरत असतं, नेमका तेव्हाच माणूस तुकडा उचलायला हात घालतो.

हातमोजे: प्लायच्या शीट उचलताना, ब्लेड बदलताना जरूर घाला. मशीन चालू असताना नको, कापडाचा किंवा चामड्याचा कोपरा दात्यात अडकला तर बोटासकट आत खेचला जातो, आणि कार्बाइडच्या दात्यापुढे हातमोजा म्हणजे काहीच नाही. चष्मा आणि मास्क घाला ना त्यापेक्षा, लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींत आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) पहिल्या गटात टाकलीय, त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

छोटा तुकडा ‘घट्ट धरा’ हे वाचून मी कपाळाला हात लावला. त्याच स्टँडर्डप्रमाणे हात ब्लेडपासून दोन्ही बाजूंना कमीत कमी १०० मिलिमीटर लांब हवा. दोन इंची बीडिंग (कडेला लावायची पट्टी) हवी असेल तर लांब पट्टीतून काप, क्लॅम्प लाव, आणि कटच्या रेषेवरून हात आडवा घालून पलीकडचं टोक धरू नकोस.

लोखंडाची चकती तर अजिबात नाही, हेही मॅन्युअलमध्ये आहे. ठिणग्यांनी खालचा प्लास्टिकचा गार्ड जळतो, चकतीच्या बारीक पुडीने तो अडकून बसतो, आणि मागे लटकतेय ती पिशवी सुक्या भुशाने भरलेली, त्यात एक ठिणगी गेली की गाळ्यात आग. लोखंडासाठी १४ इंची चकतीचं वेगळं चॉप सॉ येतं, भाड्यानेही मिळतं. भाच्या, पाइप कापायचे असतील तर ते आण, नाहीतर शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घे.