फोर्डने दिली म्हणे शनिवार-रविवारची सुट्टी!

दर १ मेला आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो, अमेरिकन मोटार कारखानदार हेन्री फोर्डचा फोटो आणि खाली "आठ तास ड्युटी, दुप्पट पगार आणि जगातली पहिली साप्ताहिक सुट्टी युनियनने नाही, एका दिलदार मालकाने आपणहून दिली". यंदा काकांनी टाकला. काका, राग मानू नका, पण एकेक करून बघू.

आठ तास. फोर्डने दिले जानेवारी १९१४ मध्ये, बरोबर. पण ह्याच मागणीसाठी १ मे १८८६ ला अमेरिकेत तीन लाखांच्या वर कामगार संपावर गेलेले, तेव्हा फोर्ड बावीस वर्षांचा पोरगा होता. तीन दिवसांनी शिकागोला हेमार्केटच्या सभेत बाँब फुटला, कोणी टाकला ते आजतागायत कळलं नाही, तरी आठ जणांना दोषी धरलं आणि चौघांना १८८७ मध्ये लटकवलं. १ मेचा कामगार दिन आला तो ह्यातूनच, म्हणजे फॉरवर्ड टाकायला दिवस पण काय निवडलाय! बऱ्याच कोळसा खाणींमध्ये युनियनने १८९८ लाच आठ तास मिळवले होते.

आता दिलदारपणा. असेंब्ली लाइनवर दिवसभर तोच एक नट पिळून माणसं वैतागून पळायची, १९१३ मध्ये साधारण १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला ५० हजारांवर भरती करावी लागली. म्हणून दिवसाला पाच डॉलर, तोच तो दुप्पट पगार. त्यातला निम्म्याच्या आसपास पगार आणि बाकी नफ्यातला वाटा, तोही कंपनीची माणसं घरी येऊन बघणार, दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, पैसे साठवतो का, आणि पास झालात तरच मिळणार. शिवाय नऊ तासांच्या दोन शिफ्ट होत्या, आठ केल्यावर तीन बसतात आणि कारखाना चोवीस तास चालतो, हा हिशोब फॉरवर्डवाल्याने सोडून दिलाय.

पाच दिवसांचा आठवडा १९२६ चा, त्याचं क्रेडिट द्यायलाच पाहिजे. पण मोकळा वेळ असला की माणूस जास्त खरेदी करतो हे कारण त्याने स्वतःच सांगितलेलं. आणि बाकीचे मालक त्याचं बघून सुधारले म्हणाल तर पोलाद कारखान्यांत १९२३ पर्यंत बारा-बारा तास चालूच होते. ४० तासांचा आठवडा देशभर आला तो १९३८ च्या कायद्याने, तोही टप्प्याटप्प्याने १९४० ला.

राहिली युनियन. २६ मे १९३७, फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याबाहेरचा पूल, मोटार कामगार युनियनचे वॉल्टर रूथर आणि रिचर्ड फ्रँकनस्टीन पत्रकं वाटायला आलेले, फोटोला उभे असताना कंपनीच्या गुंडांनी मागून येऊन फ्रँकनस्टीनचा कोट त्याच्याच डोक्यावर ओढला आणि तुडवला. मग गुंड फोटोग्राफरांच्या मागे लागले, एका पठ्ठ्याने खऱ्या प्लेट गाडीच्या मागच्या सीटखाली सरकवल्या आणि कोऱ्या त्यांच्या हातात दिल्या, म्हणून तर ते फोटो आज आपल्याला दिसतात. फोर्डने युनियनशी करार केला १९४१ ला, तोही संप झाल्यावर.

आणि "जगातली पहिली सुट्टी" वगैरे तर सोडाच, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला १८९० मध्ये. फोर्ड मोटर कंपनी निघाली १९०३ ला.